खरवसासारखं हललं की काढा

तुमचे प्रश्न, काकूंची उत्तरं : नाताळ विशेष

डिसेंबर लागला की बेळगावात खोबरेल बाटलीत थिजतं, आणि माझ्याकडे ब्राउनीची पत्रं यायला लागतात. यंदा टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत सगळीकडून आली आहेत. सगळीच छापणं शक्य नाही. ज्यांची अडचण इतरांच्याही कामाची आहे, ती पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : काकू, माझ्याकडे ओटीजी आहे. दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धी वाटी लोणी, एक वाटी साखर, कोको आणि दूध असं माझं प्रमाण आहे. ब्राउनी दर वेळी फुगते, कडा बिस्किटासारख्या कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळीच कोरडी पडते. नाताळला ऑफिसात न्यायची आहे. काय चुकतंय? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : प्रमाण लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, नाहीतर मी अंदाजानेच बोलत बसले असते. तुम्ही करताय तो केक आहे. चवीला चॉकलेटचा, पण केकच. ब्राउनीत मैदा फक्त धरून ठेवण्यापुरता असतो, ओलावा येतो तो लोणी, चॉकलेट आणि साखर यांच्यामुळे.

आठ इंची चौकोनी डब्यासाठी माझं माप असं आहे: डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी ३, मैदा ७५ ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि एक चमचा इन्स्टंट कॉफी. बेकिंग पावडर नाही, सोडाही नाही. कॉफी वेगळी लागत नाही, पण तिच्यामुळे चॉकलेटची चव खुलते. आणि कृपा करून वजनकाटा घ्या. वाटी दाबून भरली की मैदा सहज दीडपट होतो, आणि ब्राउनीत वीस-पंचवीस ग्रॅम जास्तीचा मैदासुद्धा जाणवतो.

साखरेचा आकडा बघून दचकू नका. दर वर्षी कुणी ना कुणी साखर निम्मी करतं आणि मग वरचा चकचकीत पापुद्रा आला नाही म्हणून लिहितं. तो पापुद्रा साखरेचाच असतो. अंडी आणि साखर पाच मिनिटं चांगली फेटली की साखर विरघळते, भाजताना वरचा थर सुकतो आणि पापडीसारखा तडकतो. गोड कमी हवं असेल तर तुकडे लहान कापा.

लोणी आणि चॉकलेट एकत्र वितळवून कोमट होऊ द्या, मग त्यात फेटलेली अंडी घाला. आपल्याकडच्या थंडीत एक गोष्ट लक्षात ठेवायची. फ्रिजमधली अंडी तशीच वापरली तर चॉकलेट लगेच घट्ट होऊ लागतं. अंडी फोडण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. शेवटी मैदा, कोको, मीठ, कॉफी चाळून घाला आणि उलथन्याने वरखाली करा. मैद्याचा पांढरा माग दिसेनासा झाला की हात थांबला पाहिजे.

आता तुमचा ओटीजी. लहानपणी दिवाळीत आम्ही घरी वळलेल्या नानकटाईचे पत्रे घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचो. भट्टीवाले मामा भट्टीच्या तोंडाशी हात धरून मनातल्या मनात आकडे मोजायचे. हात किती वेळ टिकतो त्यावर ते ठरवायचे, पत्रे आत्ता ढकलायचे की विस्तव ओढून घ्यायचा. कधी कधी आम्हाला अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवायचे, पण नानकटाई कधी करपली नाही. ओटीजीच्या बटणावर १७० लिहिलेलं असतं, आत मात्र १९० असू शकतं. भट्टीवाल्या मामांचा हात आपल्याकडे नाही, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत घ्या. पंधरा मिनिटं आधी तापवा, डबा मधल्या जाळीवर ठेवा आणि १७० अंशावर भाजा. कडा करपत असतील तर काचेचं किंवा काळं भांडं सोडून साधा ॲल्युमिनियमचा डबा वापरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बावीस मिनिटं झाली की दार उघडून डबा हलकेच हलवा. कडा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा थरथरतो आहे, असं दिसलं की काढा. काडी मध्ये खुपसली तर तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत. पातळ पीठ ओघळलं तर आणखी तीन मिनिटं ठेवा. पण काडी स्वच्छ निघाली तर समजा की उशीर झाला. केकला काडी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं, हे आपल्या हातात इतकं बसलेलं आहे की ब्राउनी कच्ची वाटते. ती कच्ची नसते. डबा बाहेर आल्यावरही ती स्वतःच्या उष्णतेने शिजत असते आणि निवताना घट्ट होते. म्हणून गरम असताना कापू नका. तासभर डब्यातच, मग दोन तास फ्रिजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, एक काप द्यायचा, परत पुसायची.

माझी शेजारीण बैलहोंगलची. मी सुरी घेऊन डब्याकडे निघाले की ती अजून म्हणते, "स्वल्प तडीरी." थोडं थांबा. तिचं ऐकलं त्या दिवशी कडा सरळ येतात.

प्रश्न : आमच्या वाड्यात दोन जैन कुटुंबं आहेत. मुलं सगळी एकत्रच नाताळ करतात, म्हणून अंड्याशिवाय करायची आहे. दही घालून केली तर आंबट आणि रबरासारखी झाली. (निपाणी)

उत्तर : दही केकला चांगलं, ब्राउनीला मी घालत नाही. अर्धा डबा म्हणजे सुमारे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घ्या. त्याला डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि साधारण अर्धी वाटी दूध. अंडं नाही म्हणून इथे बेकिंग पावडर चालते. रबरासारखी झाली याचा अर्थ मैदा घातल्यावर फार ढवळलंत.

एक आधीच सांगून ठेवते. वरचा तडकणारा पापुद्रा अंड्याशिवाय तसाच्या तसा येत नाही. त्यासाठी झुरू नका. त्या जागी वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर द्या, मुलांना तोच जास्त आवडतो.

आणि सजावटीचं सामान घेताना पाकीट वाचा. बर्फाचे बाहुले करायला मऊ पांढरे मार्शमॅलो आणतात, त्यात बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढतात. ब्राउनी बिनअंड्याची करायची आणि वर ते ठेवायचं, हे त्या घरांवर अन्याय होईल. हिरवी खूण असलेलेच घ्या. नाहीच मिळाले तर खव्याचे छोटे गोळे एकावर एक ठेवून बाहुला करा. तिळाचे डोळे लावा, छान दिसतो.

प्रश्न : आमच्या गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ओव्हन नाहीच. कुकरमध्ये करू का? (जांबोटीजवळून, ता. खानापूर)

उत्तर : कुकर नको. पाण्याशिवाय अर्धा-पाऊण तास तापवत ठेवला की कुकर खराब होतो, मी स्वतः एक असा घालवला आहे. जाड बुडाचं मोठं पातेलं किंवा कढई घ्या. तळाला दोन बोटं जाडं मीठ पसरा, वर तिवई किंवा जाळी, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून आच मंद करा. चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. झाकणाला आतून स्वच्छ फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब ब्राउनीवर पडणार नाहीत. खरवसाची खूण इथेही तीच. ते मीठ टाकू नका. स्वयंपाकाला चालत नाही, पण पुढच्या वेळी भाजायला परत वापरता येतं.

प्रश्न : काकू, मी कॅम्पात राहते. मुलीच्या वर्गासाठी ब्राउनीचे ख्रिसमस ट्री केले होते. हिरवं आयसिंग घातलं आणि अर्ध्या तासात सगळं ओघळून ताटात आलं. चांदीच्या मण्यांचा रंगही पसरला. मुलगी रडली हो. या वर्षी परत करायचं धाडस होत नाही. (कॅम्प, बेळगाव)

उत्तर : परत कर. तुझं पत्र वाचून मला माझीच २४ डिसेंबरची एक रात्र आठवली. पहिल्यांदाच बाहेरची ऑर्डर घेतली होती, तीन डझन झाडं. दुपारी लाइट गेली, भाजायला संध्याकाळ झाली, आणि ब्राउनी हाताला कोमट लागत असतानाच मी कोन हातात घेतला. पहिली ओळ सुंदर आली. सहावं झाड होईपर्यंत पहिलं झाड हिरव्या डबक्यात उभं होतं. रात्री एक वाजेपर्यंत मी सुरीने आयसिंग खरवडत होते आणि सासूबाई बाजूला बसून पुसून देत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पंखा लावून दिला. सकाळी सहाला उठून सगळं नव्याने केलं, तेव्हा ब्राउनी थंडगार होत्या आणि एकही रेघ हलली नाही. आयसिंग तेच होतं, वाटीसुद्धा तीच.

तर पहिली गोष्ट, ब्राउनी आदल्या दिवशी भाज. रात्रभर थंड होऊ दे, सजावट दुसऱ्या दिवशी. ब्राउनीत लोणी भरपूर असतं, आणि ती कोमट असेल तर वरची साखर वितळणारच.

दुसरी गोष्ट, आयसिंग पातळ झालं असणार. पाव किलो आयसिंग शुगर दोनदा चाळ, त्यात दोन मोठे चमचे दूध आणि चार थेंब लिंबू. त्यापुढचं दूध थेंबाथेंबाने. आधी वाटतं की हे भिजणारच नाही, पण दोन मिनिटं घोटलं की सैल पडतं. चमचा उचलून वाटीतच एक रेघ सोड. वीस मोजेपर्यंत ती मिटली नाही तर कोनात भरायला तयार. परंपरेने यात अंड्याचा पांढरा बलक घालतात आणि ते आयसिंग जास्त कडकही होतं, पण लहान मुलांच्या वर्गात कच्चं अंडं मी देणार नाही, तूही देऊ नकोस. रंग जेलचा घे. पाण्यासारखा रंग घातला की आयसिंग परत पातळ होतं. जेलचा हिरवा फार भडक वाटला तर त्यात चिमूटभर कोको मिसळ, अशोकाच्या पानासारखा गडद होतो.

आता झाडं. चौकोनी डब्यातून त्रिकोण कापताना कडेचे तुकडे वाया जातात. गोल डब्यात भाज. आठ इंची चौकोनी आणि नऊ इंची गोल, दोन्हींचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच भरतं, त्यामुळे माप बदलावं लागत नाही. गोल ब्राउनीचे पिझ्झ्यासारखे बारा काप केलेस की बारा झाडं तयार, वाया काही नाही.

नक्षीसाठी महागडी नोझल आणू नकोस. बटर पेपरचा कोन कर, मेंदीचा करतो तसाच. ज्या हाताने तू मेंदी काढतेस त्याच हाताने हे येतं. अंगठ्याने वरून दाबायचं, टोक ब्राउनीला टेकवायचं नाही, वरून धार सोडायची. टोकापासून सुरू कर आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी नागमोडी ओळ खाली रुंद होत आण. हात थांबला की तिथे गोळा होतो, म्हणून आधी ताटावर दोन-तीनदा गिरव.

मणी आणि रंगीत साखर लावायची वेळ ठरलेली आहे. आयसिंग ओलं पण स्थिर असताना, म्हणजे ओळ काढल्यावर दोन-तीन मिनिटांनी. लगेच लावलेस तर रंग उतरतो, उशीर केलास तर चिकटत नाहीत. आणि ते चांदीचे कडक मणी अगदी लहान मुलांच्या झाडांवर नकोत, घशात अडकतात. तिथे टुटीफ्रुटीचे बारीक तुकडे लाव. सजवलेली झाडं न झाकता चार-पाच तास सुकू दे, मगच डब्यात भर.

खोडासाठी दालचिनीची काडी लावतात, पण मुलं ती चावतात आणि तोंड वेडंवाकडं करतात. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. उसाच्या सोललेल्या कांडीची बोटाएवढी काडी काढ, फडक्याने कोरडी कर आणि द्यायच्या वेळी तळाशी खोच. आधी खोचलीस तर रसाने ब्राउनी ओली होते. बर्फ हवा असेल तर पिठीसाखर नको, ती ओलाव्यात विरून जाते. सुक्या खोबऱ्याचा पांढरा बारीक कीस भुरभुर. तो दिवसभर तसाच पांढरा राहतो.

मुलीला बरोबर बसव. तिची झाडं वाकडी होऊ देत, तीच वर्गात आधी संपतील.

प्रश्न : चॉकलेट वितळवताना अचानक वाळूसारखं घट्ट झालं. टाकून दिलं. काही उपाय होता का? (वडगाव)

उत्तर : होता. पाण्याचा एखादा थेंब किंवा वाफ आत गेली की असं होतं. चॉकलेटमधली कोरडी साखर आणि कोको तेवढ्याशा पाण्याने एकमेकांना चिकटतात. पाणी आणखी घातलं तर ते सुटतं, ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. चमचा चमचा गरम दूध किंवा साय घालून ढवळत राहा, गुळगुळीत होईल. ते परत साचात घालण्याजोगं राहत नाही, पण ब्राउनीवर ओतायला सुरेख. आणि वितळवताना खालचं पाणी उकळलं की गॅस बंद करा. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, त्याला खळखळत्या पाण्याची गरजच नसते. भांड्यावर झाकण ठेवू नका.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला कुंदा प्राण. ब्राउनीत कुंदा घालून रात्रीच्या बसने पाठवायची कल्पना आहे. जमेल? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : जमतं, मी दोनदा केलं आहे. पहिल्यांदा कुंदा मिश्रणात कालवला, तो विरघळून गेला आणि नुसता गोडवा वाढला. दुसऱ्यांदा वरून पसरला, तर खवा आणि साखरेमुळे पंधरा मिनिटांत काळा पडला. कुंदा मध्ये हवा. निम्मं मिश्रण डब्यात ओता, त्यावर कुंद्याचे सुपारीएवढे गोळे अंतरा-अंतराने ठेवा, वर उरलेलं मिश्रण. आठ इंची डब्याला १५० ग्रॅम कुंदा पुरे, आणि या एकाच ठिकाणी मी तुम्हाला साखर कमी करायला सांगेन, २०० ऐवजी १६०. काडीची परीक्षा कुंद्याच्या गोळ्यात करू नका, तो ओलाच लागणार.

साधी ब्राउनी थंडीत चार दिवस बाहेर टिकते. कुंद्याची दोन दिवसांच्या आत संपवायची, आत खवा आहे. पूर्ण गार झाल्यावर न कापता अख्खी वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात घट्ट बसवा. कापायचं काम मुलाला पुण्यात करू द्या. कापलेल्या कडा प्रवासात सुकतात.

प्रश्न : आमचे शेजारी मूळचे गोव्याचे ख्रिश्चन. दर नाताळला कुलकुल्या, नेवऱ्या, दोदोलचं ताट येतं. या वर्षी मी ब्राउनी देऊ का? त्यांच्या सणाला हे चालतं का? (खानापूर)

उत्तर : ब्राउनी नाताळची जुनी रीत नाही. ती अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. गोव्याच्या घरांत नाताळ म्हणजे तुम्ही लिहिलेले पदार्थ, बिबिंका आणि केक. रीत नाही म्हणूनच मोकळेपणाने द्या, त्यांच्या कुठल्या पदार्थाशी तुलना होणार नाही.

माझ्या लहानपणी आम्ही कॅम्पात भाड्याने राहायचो. शेजारच्या आंटी चोर्ला घाटापलीकडच्या. २४ तारखेला त्यांच्याकडून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट यायचं, आणि नेवरी बघून आई दर वर्षी म्हणायची, "ही तर आपली करंजीच की." दिवाळीला फराळ भरून तेच ताट परत जायचं. रिकामं कधी गेलं नाही. आंटींनीच मला कुलकुल्या कंगव्यावर वळायला शिकवल्या. पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबून अंगठ्याने गुंडाळायची, कडा मिटली नाही तर तळताना उघडते. त्या नवा कंगवा फक्त त्यासाठी जपून ठेवत.

तर ताट २४ च्या दुपारी पोचवा. रात्री ते मिस्साला जातात आणि २५ ला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. ब्राउनी वेगळ्या डब्यात द्या, आणि त्यांनाही सांगा की ती कुलकुल्यांबरोबर ठेवू नका. ब्राउनीचा ओलावा लागला की कुलकुल्या रात्रीत मऊ पडतात.